बंगल्यावरची भाकरी

आमच्या शिरूरला नदी आहे, हे परगावच्या पाहुण्याला मुद्दाम सांगावं लागायचं. एसटी पुलावरून जायची आणि पाहुणा खिडकीतून खाली बघून विचारायचा, "हे मैदान कशाचं?" सिंदफणा म्हणजे वर्षातले बहुतेक महिने नुसती वाळू. त्या वाळूत शेळ्या बसायच्या, पोरांचं क्रिकेट चालायचं, लग्नसराईत वऱ्हाडाच्या जीपा लागायच्या. दिवाळी झाली की ऊस तोडायला निघालेल्यांच्या गाड्या तिथेच भरायच्या आणि गाव निम्मं रिकामं व्हायचं. नदीत पाणी असतं हे मी भूगोलाच्या पुस्तकात शिकले, आणि पुढे गावातल्याच शाळेत बाई म्हणून लागले तेव्हा पोरांना तेच पुस्तकातून शिकवलं.

त्यामुळे आप्पांनी अगदी नदीच्या काठाला बंगला बांधला तेव्हा कुणाला त्यात वेडेपणा दिसला नाही. आता सगळे म्हणतात, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे वास्तुशांतीला जाऊन बुंदीवर आडवा हात मारून आले होते, मीसुद्धा.

आप्पा म्हणजे आमच्या आळीतले लिंगायत वाणी. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. त्यांच्या अव्वाला, म्हणजे आईला, खोकला लागला तर आमच्या घरात कळायचं आणि आमच्याकडे फोडणी करपली तर त्यांच्याकडे. माझी आई आणि अव्वा यांच्या वयात आई-मुलीचं अंतर, पण दुपारी दोघी एकाच उंबऱ्यावर डाळ निवडत बसायच्या. आप्पांचं तेव्हा छोटं किराणा दुकान होतं. मग ते दिवस आले. सिमेंटचं परमिट गेलं, स्कूटरचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं गेलं, चौकात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला, आणि ज्याच्या हातात चार पैसे होते त्याच्या हातात चाळीस आले. आप्पांनी सिमेंट-लोखंडाची एजन्सी घेतली. तालुक्यात जो तो स्लॅब टाकत होता. बघता बघता आप्पांची स्कूटर गेली, मारुती आली, आणि आमच्या भिंतीपलीकडचा खोकला नदीकाठी राहायला गेला.

अव्वा आळीतून गेली तेव्हा आई आठवडाभर उगाच चिडचिड करत होती. "सुख बोचतंय त्येंला," म्हणायची. मला मात्र तो बंगला का बांधला हे थोडं ठाऊक होतं, कारण आप्पांनी मला खोली दाखवली होती. अव्वाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. आळीतल्या घरात देवाची खोली म्हणजे अंधारकोठडी. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. म्हणून आप्पांनी खालच्या मजल्यावर, अगदी नदीच्या अंगाला, तिच्यासाठी पूजेची खोली काढली आणि तिला मोठी खिडकी ठेवली. सकाळचं ऊन थेट तिच्या तळहातावर पडेल अशी. "अव्वाला तिचा शिव दिसला पायजे," एवढंच म्हणाले.

अव्वाचा शिव म्हणजे तिच्या गळ्यातलं इष्टलिंग. चांदीच्या डबीत ते असायचं आणि डबी दोऱ्यात ओवून छातीशी. परळीला वैजनाथाच्या गावी तिचं माहेर. लहानपणी तिथल्या गुरूंनी ते तिला दिलं होतं. काळं कुळकुळीत, जांभळाएवढं. रोज अंघोळ झाली की अव्वा ते डबीतून काढायची, डाव्या तळहातावर ठेवायची, बेलाचं पान वाहायची आणि बघत बसायची. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. त्यांच्यात पूजेला बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. लहानपणी मी एकदा "अव्वा, साखर द्या" म्हणून ओरडत घुसले होते, तर एरवी मला मांडीवर घेणारी अव्वा वळूनसुद्धा बघेना. मी रडत घरी आले आणि आईनं वर एक धपाटा घातला.

आप्पा देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. बंगल्यासाठी त्यांनी काठावर मुरमाची भर टाकून नदीचं पात्र दाबलं आणि भलीमोठी भिंत घातली. त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बंगल्याच्या बोअरला पाणी होतं. आप्पांनी भिंतीबाहेर नळ काढून दिला, हे खरं. आणि दिवस मावळायच्या आत तो नळ आतून बंद व्हायचा, हेही खरं. रांगेतल्या बायका रिकामी घागर घेऊन परत येताना त्या बंगल्याला जे बोलायच्या ते लिहिण्यासारखं नाही.

श्रावण कोरडा गेला. भाद्रपदात एका सकाळी, आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना, पुलाकडून ओरडा आला. "पानी आलं! नदीला पानी आलं!" वर पाटोद्याच्या डोंगरात ढग फुटला होता म्हणे. आमच्याकडे नदीला पाणी आलं की बायका तिची ओटी भरायला जातात. माहेरवाशीण आल्यासारखंच ते. आईनं तवा उतरवला, पेटीतला खण काढला, नारळ घेतला, आणि मला म्हणाली, "चल, शाळा कुठं पळून जायलीय?" पुलावर अख्खं गाव लोटलं होतं. म्हातारे रडत होते. कुणीतरी हलगी काढली. गढूळ, फेसाळ पाणी वाळू गिळत येत होतं आणि आम्ही त्यावर हळदकुंकू टाकत होतो. इतकं खूश झालेलं गाव मी नंतर कधी पाहिलं नाही.

पुलावरून बंगल्याची मागची बाजू दिसायची. आप्पांची बायको, आमच्या काकू, मागच्या पायरीवर ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. नदी त्यांच्या दारात आली होती. आम्हाला चालत यावं लागलं आणि त्यांच्याकडे ती स्वतः चालत गेली, याचा कोण आनंद त्यांच्या तोंडावर! आईला बघून त्यांनी हात हलवला. आईनंही हलवला. मग पाणी दुसऱ्या पायरीला लागलं, तिसऱ्या पायरीला लागलं, आणि काकू आत गेल्या.

आत काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. सगळे वरच्या मजल्यावर निघाले होते. अव्वा तेवढी पूजेला बसली होती, तळहातावर लिंग घेऊन. आप्पा दाराशी उभे राहिले. हाक मारायची नाही. "होतच आलंय तिचं," म्हणाले. उंबऱ्यावरून पाणी आत आलं तरी ते हात जोडून तसेच उभे. अव्वालाही पाणी कळलं असणार, पण तिनं मान वळवली नाही. आणि मग वरच्या अंगाची ती भलीमोठी भिंत पडली. आप्पांनी पाण्यातून अव्वाला उचलून खांद्यावर टाकलं, जिन्यावर आणलं, आणि तिथे तिनं मूठ उघडून पाहिली. मुठीत बेलाचं पान होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. नदीत कमरेएवढी धार राहिली आणि काठावर सगळीकडे चिखल. बंगल्याच्या दारात सोफा उलटा पडला होता, फ्रीज अंगणातल्या पेरूला टेकला होता, रंगीत टीव्ही गाळानं भरला होता. गाव पुन्हा पुलावर आलं. आदल्या दिवशी नदी बघायला, आता बंगला बघायला. आणि काय सांगू, गाव हसत होतं. विहिरी भरल्या होत्या, रब्बीची आशा लागली होती. ज्या पाण्यानं आप्पांचं घर नेलं तेच पाणी घराघरांत घागरीनं येत होतं. रडायचं कुणी आणि कशासाठी? आप्पा अंगणात मांडीएवढ्या गाळात उभे राहून गव्हाच्या चाळणीनं चिखल चाळत होते. कुणीतरी म्हणालं, "सोनं हुडकायलाय बे." दुसरा म्हणाला, "बिस्किटं असत्याल." हशा पिकला. आप्पांनी मान वर केली नाही.

शाळेतल्या गुरुजी लोकांचंही एकमत होतं. नदीत घर बांधलं, मग नदी येणारच. त्याला विमा असेल, नसेल तर सिमेंटचा धंदा आहे, वर्षभरात दुप्पट उभं करेल. यातलं काहीही खोटं नव्हतं. मला राग आला तो याचाच, की खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

आईला असल्या वादात गम्य नव्हतं. तिनं सकाळीच ज्वारीचं पीठ काढलं. आमच्या आळीची रीत, ज्या घरात चूल पेटली नाही तिथे शेजारानं भाकरी न्यायची. मयत होवो, आग लागो, काही होवो. टोपलीत भाकरी, पिठलं, ठेचा बांधून आई निघाली तर समोरची म्हणाली, "बंगल्यावर भाकरी? त्येंला काय कमी हाय? हाटेलातून डबा येईल त्येंला."

"आलाय का?" आईनं विचारलं.

"न्हाई, पन येईल की."

"आल्यावर मी माघारी येते," आई म्हणाली आणि चालू लागली. मी मागे.

वरच्या मजल्यावर गादीवर अव्वा भिंतीला टेकून बसली होती. गळ्यात चांदीची डबी होती, उघडी. आईनं तिच्यापुढे भाकरी मोडून ठेवली. अव्वानं भाकरीला हात लावून नमस्कार केला आणि ती आईकडे सरकवली.

"ठिव माय. माझा शिव गावला की खाते."

तेव्हा आम्हाला कळलं की आप्पा खाली काय शोधत होते. काकू पदराआड रडायला लागल्या. त्या म्हणाल्या, सकाळी मठाचे स्वामी येऊन गेले. दुसरं लिंग देतो म्हणाले, शास्त्रात सोय आहे म्हणाले. अव्वानं त्यांचे पाय धरले, त्यांच्या हातचं तीर्थ घेतलं आणि म्हणाली, "महाराज, लेकरू हरवलं तर दुसरं घिऊन गप बसतेत का? आधी हुडकतेत." मग आप्पांना बोलावून एकच शब्द म्हणाली, "हुडीक."

आई दुसऱ्या दिवसापासून अव्वापाशीच बसू लागली. मी शाळा सुटली की आप्पांच्या बरोबर चाळणीला लागायची. गाळ उपसायचा, पाणी ओतायचं, चाळायचं. खडे निघायचे, शिंपले निघायचे, सिमेंटच्या गोण्यांच्या चिंध्या निघायच्या. काळा गुळगुळीत खडा दिसला की मी तो आप्पांपुढे धरायची. आप्पा तो धुऊन उन्हात धरायचे, आणि फेकून द्यायचे. ते वर जाऊन अव्वाला काही विचारत नसत. जिन्याच्या खाली उभे राहून माझ्या आईला खुणेनं विचारायचे, आणि आई नाही म्हणून मान हलवायची. म्हणजे अजून खाल्लं नाही.

आईनं आळीत सांगितलं. काही जणींनी हळहळ केली. काही म्हणाल्या, श्रीमंताच्या म्हातारीचे लाड. चांदीची डबी हरवली असं कुणीतरी ऐकलं, तर दोघंतिघं खालच्या अंगाला स्वतःसाठी शोधून आले. आई त्यांच्या तोंडावर म्हणाली, "डबी तिच्या गळ्यात हाय रे. रिकामी हाय." पण गाळात हात घालायला कुणी आलं नाही. आप्पांचे दुकानातले गडी दोन दिवस आले, मग त्यांनाच गोदामातलं भिजलेलं सिमेंट हलवायचं होतं.

आमच्या शाळेतल्या शिपाईबाई पलीकडच्या काठच्या बौद्ध वस्तीतल्या. त्यांची खोली पाण्यानं नेली होती. सगळी वस्ती शाळेत उतरली होती आणि गाव त्यांना खिचडी देत होतं. त्या मला वऱ्हांड्यात म्हणाल्या, "बाई, तुमी त्या बंगल्यावर चिखल उपसायल्यात म्हनं?"

"हो."

"त्येनं भर टाकली, भिंत घातली. पानी त्येच्या भिंतीला धडकून आमच्याकडं वळालं. आमची भांडी कुनी चाळून काढली न्हाईत. आता आमी त्येच्यासाठी रडावं का?"

मी म्हणाले, "नका रडू." दुसरं काय म्हणणार? त्या खरं बोलत होत्या, आणि मला वाटत होतं की दोन्ही बाजूंना खरं असलं की माणसानं जावं कुठे. त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, "म्हातारीनं काई खाल्लं का?" मी नाही म्हटलं. "म्हातारीचं वाईट वाटतंय बाई. भिंतवाल्याचं न्हाई वाटत." आणि त्या घंटा द्यायला गेल्या.

अव्वाला ताप भरला. डॉक्टर आले. पाण्यात भिजल्यानं थंडी छातीत बसलीय, वय झालंय, सलाईन लावा म्हणाले. अव्वानं सुई लावू दिली, पण औषधाची गोळी तोंडात घेईना. शेवटी शेवटी ती आईला परळीच्या घराचं काहीबाही सांगायची. कुणाला तरी हाक मारून, डावा हात पुढे करून, तळवा पसरायची. आई त्यावर आपला हात ठेवायची, तर अव्वा तो हळूच बाजूला करायची. आईनं हे मला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसून ओक्साबोक्शी रडली. भिंतीपलीकडे राहिलेल्या बाईसाठी तिला एवढंसुद्धा करता येत नव्हतं.

एका पहाटे अव्वा गेली.

माणूस मेलं की आमचं गाव फार चांगलं. बंगल्यापुढे ही गर्दी. पुलावरून हसणारे सगळे टोप्या काढून उभे होते. त्यांच्यात जाळत नाहीत; माणसाला पूजेला बसवल्यासारखं बसवून माती देतात आणि डाव्या हातात लिंग ठेवतात. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मातीला गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं, स्वामींनी नवं लिंग तिच्या हातात ठेवलं आणि बोटं मिटली, पण ती मिटून राहीनात. शेवटी आप्पांनी खड्ड्यात उतरून, माती पडेपर्यंत तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

आणि त्या दिवशी बंगल्यावर भाकरी आल्या. आळीतून आल्या, पेठेतून आल्या, टोपल्यांवर टोपल्या. समोरचीनं तर दोन टोपल्या आणल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, रीत म्हणजे रीत. आप्पा त्या ढिगाकडे बघत बसले होते. समोरची त्यांना म्हणाली, "खा आप्पा, दोन घास तरी."

आप्पा शांतपणे म्हणाले, "भाकर लई झाली, माय. हात पायजे होते." समोरचीला त्याचा अर्थ लागला की नाही, मला माहीत नाही. ती डोळे पुसत घरी गेली.

आज टीव्हीवर कुठेही नदीकाठचे बंगले बुडालेले दिसले की माझ्या घरात चर्चा सुरू होते. कशाला बांधलं, कुणाचं पात्र दाबलं, त्यांना काय कमी. सगळं बरोबर असतं. मी एकटीच मूर्खासारखी विचारते, त्यांच्यात कुणी म्हातारं माणूस होतं का? मुलं माझ्याकडे बघतात आणि चॅनेल बदलतात.

अव्वाचं दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. नदी आटून पुन्हा वाळू वर आली. एका सकाळी आईनं भाकऱ्या बांधल्या आणि म्हणाली, "चल, काकूला बघून यिऊ." आम्ही पुलावर आलो तर खाली आप्पा. बंगल्यापासून बरेच खाली, पात्राच्या मध्यात, गुडघ्यावर बसून चाळणी हलवत होते. अंगावरचा सदरा गाळानं ताठ झाला होता. पुलावर चारदोन माणसं उभी होती. या वेळी कुणी हसत नव्हतं, पण खालीही कुणी उतरत नव्हतं.

आई वाळू तुडवत त्यांच्यापाशी गेली. खाली बसली. म्हणाली, "आप्पा, आता कशापायी? अव्वा गेली की."

आप्पांनी चाळणीतला खडा उचलला, उन्हात धरून पाहिला, बाजूला टाकला.

"ती 'हुडीक' म्हनलीती, वैनी. 'थांब' म्हनलीच न्हाई."

आईनं टोपली आप्पांच्या पुढ्यात सरकवली, पदर खोचला आणि त्यांच्या हातातली चाळणी घेतली.

"बस तू. भाकर खा," ती म्हणाली. "तवर मी चाळते."